दुनळीचं सोवळं

ह्यूस्टनला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा गेल्या हिवाळ्यात फोन आला. "मामा, बंदूक एकच घेणार आहे. शनिवारी तबकड्या फोडायच्या, सप्टेंबरात होल्यांना जायचं, थंडीत भातखाचरांत बदकांना. क्लबातले म्हणतात, दुनळीच घे. दुकानदार म्हणतो, सेमी-ऑटो घे, पण सगळ्यात हलकी. तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणालो ते शेवटी सांगेन. त्याआधी क्लबातल्या मताचा समाचार घेतला पाहिजे, कारण ते एका क्लबाचं मत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक तबकडी-मैदानांवर ते नियमासारखं चालतं, आणि त्याला शंभर वर्षांचा इतिहास चिकटलेला आहे.

एक खुलासा आधीच करतो. भारतात हा प्रश्न अर्धाच उरतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचं दार बंद झालं, आणि ते योग्यच झालं. कोकणात आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी होती. तिचं काम डुकरं-वानरं हुसकायचं, आणि निवडणूक लागली की तिचा मुक्काम पोलीस ठाण्यात. तेव्हा पुढचं विवेचन अमेरिकेचं आहे. तिथे पक्ष्यांची शिकार हंगाम, परवाना आणि दिवसाला किती पक्षी या मर्यादेत चालते.

दोन शब्दांचा अर्थही पक्का करू. जुन्या मराठी वाचकाला दुनळी म्हटलं की शेजारी-शेजारी नळ्यांची बारा बोअर आठवते. इथे दुनळी म्हणजे एकावर एक नळ्या असलेली, बिजागरीवर मोडून उघडणारी बंदूक. सेमी-ऑटो, म्हणजे अर्धस्वयंचलित बंदुकीला नळी एकच. तिच्याखाली नळकांड्यासारखं मॅगझिन असतं. बार उडाला की रिकामं काडतूस ती स्वतः बाहेर फेकते आणि पुढचं आत घेते. चाप मात्र प्रत्येक बाराला ओढावाच लागतो.

पूर्वपक्ष

प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्या सगळ्या बळानिशी मांडलं पाहिजे, कारण ते मूर्खांचं नाही. ते असं. सेमी-ऑटो अडकते, दुनळीत अडकण्यासारखं काही नसतंच. दुनळीला दोन नळ्या म्हणून दोन चोक, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या लक्ष्याला वेगवेगळा फैलाव मिळतो; सेमी-ऑटोला एकच. दुनळीचं वजन दोन हातांच्या मध्ये येतं म्हणून ती डुलत नाही. ऑलिम्पिकच्या ट्रॅप आणि स्कीट या तबकडी-नेमबाजीच्या स्पर्धांत पदकवाल्यांच्या हाती दुनळीच दिसते. मोडलेली दुनळी रिकामी आहे हे पन्नास पावलांवरून कळतं, सेमी-ऑटोचं कळत नाही. आणि सर्वांत शेवटचं, बहुधा हलक्या आवाजात सांगितलं जाणारं कलम: सेमी-ऑटो हे पक्षी मारण्याचं यंत्र आहे, सभ्य माणसाला दोन बार पुरे.

यातली एक गोष्ट मी निःशर्त मान्य करतो आणि एक अंशतः. बाकीच्या चार टिकत नाहीत. शेवटच्या कलमापासून सुरुवात करतो, कारण इतर कलमांना जोर तिथून मिळतो.

सोवळं आलं कुठून

पहिली यशस्वी अर्धस्वयंचलित छऱ्यांची बंदूक जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने बनवली. १९०० मध्ये तिची पेटंट्स झाली. विंचेस्टर कंपनीशी त्याचं रॉयल्टीवरून जमलं नाही. १९०२ च्या जानेवारीत तो रेमिंग्टनच्या प्रमुखांना, मार्सेलस हार्टलींना भेटायला गेला आणि बाहेर वाट पाहत बसला असतानाच हार्टलींचं हृदयविकाराने निधन झालं. मग ब्राउनिंगने बेल्जियमची वाट धरली. तिथल्या एफएन कारखान्यात ती 'ऑटो-५' म्हणून निघाली आणि १९९८ पर्यंत बनत राहिली.

आता दुसरी गोष्ट. ज्या दुनळीला आज क्लबात सोवळ्याचा मान आहे, तिचा सामान्य खिशाला परवडणारा अमेरिकन अवतार 'सुपरपोझ्ड' हाही ब्राउनिंगचाच, त्याचं शेवटचं काम. १९२६ मध्ये बेल्जियममध्येच त्याला मृत्यू आला आणि उरलेलं काम मुलगा व्हॅल याने पुरं केलं. म्हणजे ज्या दोन बंदुकांना आपण दोन जातींच्या मानतो त्या एकाच बाकावर, एकाच माणसाच्या हातून उतरल्या. त्याला त्यांच्यात भेद दिसला असेल तर तो कामाचा. प्रतिष्ठेचा भेद नंतर लोकांनी घातला.

तो घातला जाण्याला एक कारण होतं आणि ते क्षुद्र नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले पक्षी झपाट्याने संपत होते. विल्यम हॉर्नाडे या निसर्गरक्षकाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात पंप आणि स्वयंचलित बंदुकांवर आग पाखडली. पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर १९१४ ला, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची शेवटची प्रवासी कबुतरी मेली. अब्जावधींनी उडणारी जात संपली. संताप साहजिक होता, पण आरोपी चुकला. प्रवासी कबुतरांचे थवे एकोणिसाव्या शतकातच नामशेष झाले होते. ते केलं बाजारासाठी मारणाऱ्यांनी, जाळ्यांनी, तोडलेल्या जंगलांनी आणि त्या काळच्या साध्या बंदुकांनी. ऑटो-५ बाजारात आली तेव्हा मारायला रानात कबुतरं जवळजवळ उरलीच नव्हती.

पुढे कायद्याने या आक्षेपाची उरलीसुरली धारही काढली. १९१८ मध्ये स्थलांतरी पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १९३५ पासून अशा पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत असा संघीय नियम आहे. मॅगझिनमध्ये लाकडाची वा प्लास्टिकची दांडी घालून ते दोनावर आणतात, तिसरं नळीत. म्हणजे 'यंत्र' आणि 'सभ्य दुनळी' यांच्यातलं अंतर एका काडतुसाचं आहे. ते एक काडतूस बदकांच्या शिकारीत बहुतेकदा कशासाठी लागतं? जखमी होऊन पाण्यावर पडलेल्या पक्ष्याला तडफडत न ठेवण्यासाठी. त्याला क्रौर्य म्हणायचं की कणव, हे ज्याने असं तडफडणारं बदक पाहिलं आहे त्यानेच ठरवावं.

अडकते, पण का

सेमी-ऑटो अडकते, हे खरं आहे. पण 'अडकते' हे निदान नव्हे, लक्षण आहे. निदान केलं की बहुतेक दोष मालकाच्या हातात सापडतात.

या बंदुका तीन प्रकारे चालतात. ऑटो-५ मध्ये नळी आणि बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा, दोन्ही एकत्र मागे सरकत. तिच्या मॅगझिनच्या नळकांड्यावर घर्षणाची कडी असे. जड काडतुसांना ती एका क्रमाने लावायची, हलक्यांना दुसऱ्या. असंख्य मालकांनी ती उलटी लावली. मग हलकं काडतूस बाहेर पडेना आणि जड काडतुसाने पुढचं लाकूड फुटे. दोष कडीच्या क्रमाचा, बदनामी बंदुकीची.

दुसरा प्रकार वायूचा. नळीला बारीक भोकं असतात, त्यांतून जळत्या दारूचा थोडा वायू खाली येतो आणि दट्ट्या ढकलतो. १९६३ मध्ये आलेली रेमिंग्टन ११०० याच जातीची. तिचे चाळीस लाखांहून जास्त नग विकले गेले. तिच्या नळकांड्यावर एक रबरी कडं असतं. ते झिजलं की वायू निसटतो आणि बंदूक अडखळते. कडं काही डॉलरचं, बदलायला दोन मिनिटं. तरी हंगामभर शिव्या खाऊन, शेवटी विकली गेलेली ११०० मी पाहिली आहे. नव्या मालकाने कडं बदललं आणि ती पुढे वर्षानुवर्षं चालली.

तिसरा प्रकार जडत्वाचा. इटलीतल्या उर्बिनो गावच्या बेनेली कारखान्याने १९६७ पासून तो रूढ केला, कल्पना ब्रुनो चिवोलानी या अभियंत्याची. बार उडाला की सगळी बंदूक मागे जाते, पण आतला जड बोल्ट जडत्वामुळे क्षणभर जागीच राहतो. बोल्ट आणि त्याचं फिरतं डोकं यांच्यामधली ताठ स्प्रिंग दबते, आणि दबलेली स्प्रिंग मग बोल्टला मागे फेकते. वायू यंत्रात येतच नाही, म्हणून काजळी कमी आणि साफसफाई थोडी. पण या यंत्राला बंदूक मोकळेपणी मागे जाणं हवं. फार हलकं काडतूस किंवा बंदुकीला लटकवलेलं जादा वजन तिला जड जातं. बोल्ट हळूच बंद केला की डोकं पूर्ण फिरत नाही, चाप ओढल्यावर नुसता 'टक' आवाज येतो, आणि समोरचं बदक निघून जातं.

म्हणजे यंत्र अडकतं ते कळण्याजोग्या कारणांनी. ट्रॅपवर पंचवीस-पंचवीस काडतुसांच्या पाच फेऱ्या मारून वायूची बंदूक न पुसता कपाटात ठेवणारा आणि पुढच्या शनिवारी तिला दोष देणारा माणूस आपल्या गाडीच्या इंजिनालाही वर्षानुवर्षं तेल न बदलता असाच दोष देईल.

दोन चोकांचा हिशेब

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला आवळ. त्याने छऱ्यांचा फैलाव आवरला जातो. अमेरिकन रूढीनुसार ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छरे पडतात यावर चोकची ओळख ठरते: 'इम्प्रूव्ड सिलिंडर' सुमारे ५०, 'मॉडिफाइड' ६०, 'फुल' ७०. दुनळीवाला पहिले दोन लावतो आणि म्हणतो, माझ्याकडे दोन पर्याय आहेत.

पर्याय आहेत, पण त्यांचं मोल किती? २८ ग्रॅमच्या साडेसात नंबरच्या काडतुसात सुमारे ३५० छरे असतात. ४० यार्डांवर एका चोकने १७५ वर्तुळात पडतील, दुसऱ्याने २१०. म्हणजे ३५ छऱ्यांचा फरक. आता दुसरा हिशेब पाहा. ताशी ४० मैलांनी आडवी जाणारी तबकडी ४० यार्डांवर आहे. छरे तिथे पोचायला सेकंदाचा सुमारे आठवा भाग लागतो. तेवढ्यात तबकडी सुमारे सव्वादोन मीटर पुढे सरकते. म्हणजे तेवढं पुढे नेम धरावा लागतो. हा अंदाज दहा टक्के चुकला तर फैलावाचं केंद्र वीत-सव्वावीत बाजूला जातं. वीस टक्के चुकला तर लक्ष्य त्या तीस इंची वर्तुळाच्या बाहेरच पडतं, मग त्यात छरे १७५ असोत की २१०. चुका अंदाजाच्या असतात, चोकच्या नव्हेत. मैदानावर फेरी संपल्यावर 'चोक चुकला' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'नेम मागे राहिला' म्हणणारा विरळा, आणि गुण बहुधा त्याचेच जास्त असतात.

एक अपवाद देतो. लावे किंवा ग्राउझ पायाजवळून भर्रकन उठतात. पहिला बार जवळ, दुसरा लांब. तिथे दोन नळ्यांना खरा अर्थ आहे. पण भाच्याच्या यादीत होले आणि बदकं होती, लावे नव्हते.

ऑलिम्पिकचा दाखला

आपल्या राज्यवर्धनसिंह राठोडांनी अथेन्समध्ये २००४ साली दुहेरी ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं तेव्हापासून भारतीय वाचकालाही हा खेळ ठाऊक झाला. त्याआधी बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह १९६२ च्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य घेऊन आले होते. ऑलिम्पिकच्या रांगेत आज सेमी-ऑटो शोधून सापडत नाही, हे खरं. पण ती नियमाने बंद आहे म्हणून नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमांत बंदी पंप बंदुकीला आहे, सेमी-ऑटोला नाही.

मग ती दिसत का नाही? कारण ऑलिम्पिकचा नेमबाज एक खेळ खेळतो, एका प्रकारच्या लक्ष्यावर, आयुष्यभर. त्याची ट्रॅपची दुनळी पावणेचार किलोच्या आसपास असते. वर जाणाऱ्या तबकडीसाठी तिचा दस्ता मुद्दाम असा ठेवतात की छरे थोडे वर जावेत. तिचं चाप-यंत्र खिशात मावेल असं सुटं निघतं. ही बंदूक घेऊन चिखलातून दोन मैल चालत जायचं कुणाच्या मनातही येणार नाही. ट्रॅपची बंदूक ट्रॅपला उत्तम, एवढंच ऑलिम्पिक सिद्ध करतं. त्यावरून 'दोन्ही कामांना एकच बंदूक' या प्रश्नाचं उत्तर काढणं म्हणजे शर्यतीचा बैल नांगराला जुंपायची शिफारस.

अमेरिकन स्कीटचा इतिहास तर या दाखल्याला उलटा जातो. स्कीट हा खेळच मुळात शिकारीच्या सरावासाठी निघाला. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिस नावाच्या गृहस्थाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ग्राउझवर हात बसावा म्हणून तो सुरू केला आणि १९२६ मध्ये त्याला हे नाव मिळालं. या खेळात १९६३ नंतर बरीच वर्षं रेमिंग्टन ११०० चं राज्य होतं. मग दुनळी परत का आली? अमेरिकन स्कीटमध्ये १२, २०, २८ आणि ४१० अशा चार मापांच्या स्पर्धा असतात. सत्तरच्या दशकात दुनळीच्या नळ्यांत घालायच्या पातळ आतल्या नळ्या मिळू लागल्या, आणि एकच बंदूक, तिच्या त्याच दस्त्यासह, चारही मापांत वापरता येऊ लागली. सेमी-ऑटोत ते जमत नाही. म्हणजे दुनळीचा विजय विश्वासार्हतेचा नव्हता, सोयीचा होता, आणि तोही चार मापांत खेळणाऱ्यापुरता. बारा बोअरवरच राहणाऱ्या माणसाला त्या सोयीचा काडीचा उपयोग नाही.

जे मान्य केलंच पाहिजे

सुरक्षिततेचं कलम मात्र खरं आहे, आणि मी ते निःशर्त मानतो. मोडलेल्या दुनळीच्या नळ्यांतून उजेड दिसतो. तिच्याविषयी वाद होऊ शकत नाही. सेमी-ऑटोचा बोल्ट उघडा असला तरी पलीकडच्याला ते सहज दिसत नाही, आणि एक बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप नळीत येतं, ही जोखीम आहेच. म्हणून मैदानावर बोल्ट मागे ठेवून नळीच्या, काडतूस बसतं त्या खोबणीत रंगीत प्लास्टिकचा झेंडा लावण्याची रीत पडली आहे. मी ती ऐच्छिक मानत नाही. नवशिक्याने पहिले काही महिने तरी मॅगझिनमध्ये काही न घालता एकेकच काडतूस भरावं.

या यंत्राच्या बदनामीला एक जुनं भयंकर कारणही आहे. ब्राउनिंगची पेटंट्स चुकवण्यासाठी विंचेस्टरने १९११ मध्ये जी बंदूक काढली तिला बोल्ट ओढायची मूठच नव्हती. नळीवर खवले पाडलेले होते, ते धरून नळी मागे ढकलायची. काडतूस अडकलं की माणसं दस्ता जमिनीवर टेकवून, तोंड नळीवर आणून, नळी खाली दाबत. तिला 'विधवा करणारी' असं नाव पडलं. पेटंटच्या भांडणातून जन्मलेल्या एका सदोष बंदुकीचं पाप पुढच्या सगळ्या सेमी-ऑटोंच्या माथी मारणं न्यायाचं नाही. पण आठवण ठेवणं शहाणपणाचं.

तोलाचं कलम अंशतः खरं. अंशतः म्हणण्याचं कारण असं की ज्याला दुनळीचा तोल म्हणतात तो पुष्कळदा वजनाचा गुण असतो. जड लक्ष्यबंदूक सरळ फिरते. हलकी शिकारी दुनळीही हलक्याफुलक्या सेमी-ऑटोइतकीच उचकते. डावखुऱ्यांचीही तक्रार आहे. रिकामं काडतूस त्यांच्या नाकासमोरून उजवीकडे उडतं. त्यांनी डाव्या हाताचीच आवृत्ती घ्यावी, नाहीतर दुनळी.

आता आपल्या बाजूची चूक

खंडन करणाऱ्याने स्वपक्षाचीही खोटी साक्ष फेटाळली पाहिजे. सेमी-ऑटोवाले सांगतात, हिला धक्काच नाही. हे भौतिकशास्त्राला धरून नाही. छरे, प्लास्टिकची वाटी आणि दारूचा वायू जेवढ्या संवेगाने पुढे जातात तेवढाच बंदुकीला मागे मिळतो, यंत्र कुठलंही असो. वायूची बंदूक एवढंच करते की तो संवेग खांद्याला थोड्या जास्त वेळात देते. ठोसा ढकलण्यासारखा होतो. शंभर काडतुसांनंतर हा फरक जाणवतो, नाही असं नाही.

पण याहून मोठा फरक काडतुसाचा आहे. ३२ ग्रॅम छऱ्यांचं नेहमीचं काडतूस साडेतीन किलोच्या बंदुकीला माझ्या हिशेबाने सुमारे २८ ज्यूल धक्का देतं. तेच तीन किलोच्या हलक्या बंदुकीतून सोडलं तर ३३. आणि साडेतीन किलोच्या बंदुकीतून २४ ग्रॅमचं, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये चालणारं काडतूस सोडलं तर १९. एक तृतीयांश धक्का काडतुसाचा डबा बदलून गेला, बंदूक न बदलता. म्हणून दुकानदाराचा 'सगळ्यात हलकी घे' हा सल्ला मी क्लबाच्या सल्ल्याइतकाच चुकीचा मानतो. हलकी बंदूक डोंगर चढणाऱ्याला बरी. शनिवारी शंभर तबकड्या फोडणाऱ्याला ती खांद्याची शिक्षा आहे.

सिद्धांत: निवड दस्त्याची

दोन्ही पक्ष यंत्रावर भांडतात. पण छऱ्यांच्या बंदुकीला रायफलसारखं मागचं दृष्टिचिन्ह नसतं. मागचं चिन्ह म्हणजे आपला डोळा. गाल दस्त्यावर जिथे टेकतो तिथे डोळा येतो, आणि डोळा जिथे तिथे छरे. हे मोजता येतं. सोळा यार्डांवर मोठा कागद लावा, मध्ये ठिपका काढा, घट्ट चोक लावून डोळे ठिपक्यावर ठेवून बंदूक झटकन खांद्याला लावा आणि न थबकता बार काढा. असं पाच-सहा वेळा करा. छऱ्यांचा मध्य ठिपक्यापासून एक इंच बाजूला असेल तर दस्ता एक इंचाच्या सोळाव्या भागाने सरकवायला हवा. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण एक यार्ड असतं, त्यावरून हे गणित येतं.

आणि इथे सेमी-ऑटो सामान्य माणसाला जिंकून देते. आजच्या बहुतेक चांगल्या सेमी-ऑटोंबरोबर पातळ चकत्यांचा संच येतो. दस्ता आणि बंदुकीचं धड यांच्यामध्ये चकती बदलली की दस्ता वर-खाली, डावा-उजवा होतो. घरच्या टेबलावर, एका पान्याने. दुनळीचा दस्ता तसा हलवायचा तर लाकूड तापवून वाकवणारा कारागीर गाठावा लागतो किंवा हलणाऱ्या गालपट्टीचं महाग मॉडेल घ्यावं लागतं, आणि मुळात त्याच दर्जाची दुनळी बरीच महाग असते. मापात न बसणाऱ्या मौल्यवान दुनळीपेक्षा मापात बसवलेली निम्म्या किमतीची सेमी-ऑटो जास्त तबकड्या फोडते. यात यंत्राचं कौतुक नाही, गाल आणि दस्ता यांच्या नात्याचं आहे.

हे मान्य केलं की बाकी निवड सोपी होते. दोन्ही कामांना वायूची, बारा बोअरची, सव्वातीन ते साडेतीन किलोंची बंदूक. नळी २८ इंच. सेमी-ऑटोचं धड लांब असल्याने २८ इंची नळीची सेमी-ऑटो एकूण लांबीत तीस-बत्तीस इंची दुनळीशी बरोबरी करते, हे विसरून लोक उगाच लांब नळ्या घेतात. खोबण तीन इंची पुरे. साडेतीन इंची खोबण हंसांवर जन्म काढणाऱ्याला. तिथे हलकी काडतुसं कधीकधी कुरकुर करतात. चोक पोलादी छऱ्यांना चालणारे हवेत, कारण १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे बंद आहेत, आणि शिशापेक्षा हलके पण कठीण असलेले पोलादी छरे जुन्या आवळ नळ्यांना इजा करू शकतात. घेण्याआधी दुकानाच्या मैदानावर आपण वापरणार तीच हलकी काडतुसं दोन डबे उडवून पाहावीत. ती सगळी सुरळीत बाहेर पडली तर बंदूक चालते. जाहिरातीत काय छापलं आहे ते मग वाचलं नाही तरी चालेल.

हा निकाल अमेरिकेबाहेर नेताना कायदा पाहावा. ब्रिटनने १९८८ पासून मॅगझिनमध्ये दोनांहून जास्त काडतुसं घेणाऱ्या सेमी-ऑटोंवर कडक बंधन घातलं आहे. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सेमी-ऑटो बंदुका सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेर नेल्या. तिथे दुनळी घेणारा सोवळं पाळत नाही, कायदा पाळतो.

भाच्याला मी एवढंच सांगितलं: "वायूची घे, मधल्या वजनाची. पहिला महिना तबकडीवर एकही बार काढू नकोस, कागदावर काढ. चकत्या बदलून मध्य ठिपक्यावर आण. मग मैदानावर जा, झेंडा लाव, आणि घरी आलास की पूस." त्याने कागद लावला. छरे चार इंच डावीकडे आणि दोन इंच वर जात होते. दोन चकत्या बदलल्या. क्लबातले अजून त्याला दुनळी घे म्हणतात.